हाउस संगीत आणि तबकडीवादक

हाउस संगीत : अमेरिकेतील शिकागो शहरात १९८० च्या सुमारास उदयास आलेला, विद्युत्‌वाद्यांवर रचलेला व मुख्यतः नृत्यासाठी योजिलेला संगीतप्रकार. चार मात्रांच्या आवर्तनातील प्रत्येक मात्रेवर पडणारा ढोलाचा सारखा ठोका, दर मिनिटास साधारणतः १२० ते १३० मात्रांची लय, एकाच स्वराकृतीची दीर्घ पुनरावृत्ती आणि तीत हळूहळू होत जाणारे बदल ही त्याची प्रमुख लक्षणे होत. इतर संगीतप्रकारांच्या इतिहासाहून याचा इतिहास एका बाबतीत वेगळा आहे. त्याची जडणघडण गायक, वादक वा रचनाकार यांच्यापेक्षा तबकडीवादकाने, म्हणजे तयार ध्वनिमुद्रिका निवडून त्या एकमेकींत गुंफून वाजविणाऱ्या व्यक्तीने, अधिक केली. प्रस्तुत लेखात या व्यक्तीच्या कार्याचा, शिकागो, मुंबई व गोवा या तीन स्थळांच्या आधारे, आढावा घेतला आहे.

संज्ञा : तबकडीवादकास इंग्रजीत ‘डिस्क जॉकी’ म्हणतात व ‘डीजे’ हे त्याचे संक्षिप्त रूप होय. नभोवाणीवर तबकड्या लावून मधूनमधून निवेदन करणाऱ्यास प्रथम हे नाव मिळाले. पुढे नृत्यगृहांतील तबकडीवादकासही ते लागू झाले. महाराष्ट्रात मात्र या शब्दाला निराळाच अर्थ प्राप्त झाला आहे. कोल्हापूर शहरातील राजारामपुरी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या व दुकानांनी गजबजलेला मुख्य रस्ता असलेल्या या वसाहतीत गणेशचतुर्थीच्या दिवशी तरुण मंडळांच्या आगमन मिरवणुका निघतात आणि त्या पाहण्यासाठी शहरातून मोठी गर्दी लोटते. तेथील बोलण्यात ‘डीजे लावला’ याचा अर्थ वाहनावर ध्वनिक्षेपकांची भिंत उभी केली, असा होतो. यंत्र लावले जाते, माणूस लावला जात नाही. म्हणजे मूळ शब्दातला माणूस येथे अर्थातून नाहीसा झाला आणि त्याचे साधन तेवढे उरले.

त्याच अर्थाने वापरला जाणारा ‘डॉल्बी’ हा शब्दही असाच वाट चुकलेला आहे. रे डॉल्बी (१९३३–२०१३) हा अमेरिकन अभियंता १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून भारतात होता. १९६५ मध्ये त्याने लंडन येथे स्वतःची प्रयोगशाळा काढली. तिचे पहिले महत्त्वाचे संशोधन ध्वनिफितीवरील खरखर कमी करण्याच्या पद्धतीसंबंधी होते. अनावश्यक आवाज घटविणाऱ्या संशोधकाचे नाव आपल्याकडे प्रचंड आवाजाचे प्रतीक ठरावे, हा भाषेच्या प्रवासातील एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

तबकडीवादकाची कला : तबकडीवादकाजवळ सामान्यतः दोन फिरत्या तबकड्या व त्यांमधील ध्वनीचे मिश्रण करणारे उपकरण असते. एक तबकडी श्रोत्यांना ऐकू येत असता तो दुसरी कर्णध्वनीवर ऐकतो, तिची गती किंचित कमीजास्त करून दोहोंचे ठोके जुळवितो आणि पहिलीचा ध्वनी कमी करीत दुसरीचा वाढवितो. लय न तुटता गीत बदलते व नृत्य अखंड चालू राहते. परंतु हे कौशल्य म्हणजे या कलेचा पायाच फक्त होय. कोणत्या तबकडीनंतर कोणती, एखादा भाग किती लांबवावयाचा, समुदाय थकला असता त्यास विसावा केव्हा द्यावयाचा व पुन्हा केव्हा उचलावयाचे, याचा निर्णय त्याला समोरच्या माणसांकडे पाहून क्षणोक्षणी करावा लागतो. मैफलीतील गायक जसा श्रोत्यांचा कल ओळखून राग व बंदिशी निवडतो, तसेच काहीसे हे आहे. फरक एवढाच, की येथे श्रोत्यांची दाद पायांनी मिळते.

शिकागो : १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत डिस्को संगीताची मोठी लाट आली. ते प्रथमतः कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकन व समलिंगी समुदायांच्या नृत्यगृहांत वाढले आणि नंतर सर्वत्र पसरले. पुढे त्याविरुद्ध प्रतिक्रिया उमटली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क या क्रीडांगणावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून देण्यात आला. त्यानंतर प्रेक्षक मैदानात घुसले व बेसबॉलचा पुढील सामना रद्द करावा लागला. हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हता, त्यामागे ते संगीत ज्यांचे होते त्यांच्याविषयीचा तिटकाराही होता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी यानंतर डिस्कोकडे पाठ फिरविली आणि नव्या तबकड्यांचा ओघ आटला.

याच शहरात फ्रँकी नकल्स (१८ जानेवारी १९५५–३१ मार्च २०१४) हा तबकडीवादक तेव्हा काम करीत होता. त्याचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील. लॅरी लेव्हॅन या मित्राबरोबर त्याने तेथील नृत्यगृहांत उमेदवारी केली व १९७७ मध्ये तो शिकागोस आला. रॉबर्ट विल्यम्स याने साउथ जेफर्सन मार्गावरील एका जुन्या औद्योगिक इमारतीत ‘वेअरहाउस’ (वखार) नावाचे नृत्यगृह चालविले होते. तेथील मुख्य तबकडीवादकाचे काम नकल्सकडे आले. येथे येणारे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन असून त्यांत समलिंगी तरुणांचा भरणा मोठा होता. इतरत्र ज्यांना दारातूनच परत पाठविले जाई, त्यांना ही वखार हक्काची जागा वाटे. तेथे वाजणाऱ्या संगीताची तबकड्यांच्या दुकानांतून वेअरहाउसच्या नावाने विचारणा होऊ लागली व ते नाव आखूड होऊन ‘हाउस’ हा शब्द रूढ झाला, अशी त्याची सर्वसाधारणतः मान्य व्युत्पत्ती आहे.

नव्या तबकड्या कमी पडू लागल्या, तेव्हा नकल्सने जुन्याच तबकड्यांतून नवे संगीत घडविण्यास प्रारंभ केला. गीतातील ज्या भागाला समुदायाकडून प्रतिसाद मिळे, तो भाग ध्वनिफितीवर पुनःपुन्हा उतरवून व फीत कापून-जोडून तो लांबवीत असे. गायन व वाद्यमेळ बाजूला सारून केवळ मंद्र स्वर आणि ठोका तो दीर्घकाळ चालू ठेवी. १९८३ च्या सुमारास तो ‘पॉवर प्लँट’ या स्वतःच्या नृत्यगृहात गेला. पुढे डेट्रॉइटच्या डेरिक मे या तरुण संगीतकाराकडून त्याने रोलँड या जपानी कंपनीचे टीआर–९०९ हे तालयंत्र विकत घेतले आणि तबकडीच्या खाली यंत्राचा ठोका देऊ लागला. जुन्या गीताला नवा कणा मिळाला. हाउस संगीताची बांधणी ती हीच.

या उद्योगातून शहरातील तरुणांना धडा मिळाला. महागडी ध्वनिमुद्रणगृहे व वाद्यवृंद यांच्यावाचून, जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या यंत्रांवर संगीत रचता येते, हे त्यांना उमगले. जेसी साँडर्स याची ‘ऑन अँड ऑन’ (१९८४) ही हाउस संगीताची पहिली प्रकाशित तबकडी समजली जाते. तरुण रचनाकार आपल्या फिती तबकडीवादकांकडे आणून देत व त्यांची परीक्षा त्याच रात्री होई. जेमी प्रिन्सिपल याचे ‘युअर लव्ह’ हे गीत नकल्सने तबकडी निघण्याच्या कितीतरी आधी केवळ ध्वनिफितीवरून वाजवून लोकप्रिय केले होते. तबकडीवादक हा अशा प्रकारे संपादक, परीक्षक व प्रकाशक या तिन्ही भूमिका पार पाडीत होता.

रॉन हार्डी (१९५८–९२) हा शिकागोचा दुसरा प्रभावी तबकडीवादक. नकल्सचे वादन घोटीव व भावपूर्ण, तर हार्डीचे वेगवान व आक्रमक असे. ‘म्यूझिक बॉक्स’ या त्याच्या नृत्यगृहात घडलेली एक घटना या इतिहासात वारंवार सांगितली जाते. ‘फ्यूचर’ या तरुणांच्या गटाने रोलँड टीबी–३०३ या यंत्राच्या कळा वाजता वाजता फिरवून एक चमत्कारिक, पिळवटल्यासारखा ध्वनी काढला होता. हार्डीने ती फीत प्रथम लावली, तेव्हा नर्तक मंचावरून निघून गेले. त्याच रात्री त्याने ती पुन्हा लावली, तिसऱ्यांदा लावली. चौथ्यांदा लावली तेव्हा समुदाय बेभान होऊन नाचला, असे गटातील सदस्यांनी सांगितले आहे. ही फीत पुढे १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नावाने प्रसिद्ध झाली व तीपासून ‘ॲसिड हाउस’ ही शाखा निघाली. रचना तरुणांची होती. परंतु ती टिकली, याचे श्रेय ती चार वेळा लावणाऱ्याकडे जाते.

जानेवारी १९८७ मध्ये स्टीव्ह ‘सिल्क’ हर्ली याची हाउस तबकडी ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि १९८८ मध्ये ॲसिड हाउसने ब्रिटिश तरुणांना वेड लावले. मोकळ्या मैदानांवरील रात्रभराचे मेळावे इतके वाढले, की १९९४ च्या फौजदारी कायद्यात पुनरावृत्त ठोक्यांच्या संगीताचा स्वतंत्र उल्लेख करून ब्रिटिश संसदेला त्यांवर निर्बंध घालावे लागले. स्वतः शिकागोत मात्र या संगीताच्या निर्मात्यांपैकी अनेकांच्या वाट्याला पैसा फारसा आला नाही. नकल्सला मान मिळाला, तोही सावकाश. श्रेष्ठ पुनर्मिश्रणकारासाठी असलेल्या ग्रॅमी पुरस्काराचा १९९८ मध्ये तो पहिला मानकरी ठरला. २००४ मध्ये वेअरहाउससमोरील रस्त्याच्या भागास त्याचे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, त्या इमारतीस शहराने वारसावास्तूचा दर्जा दिला.

मुंबई : शिकागोतील घडामोडींशी काहीही संबंध नसताना मुंबईत १९८२ मध्ये एक आश्चर्यकारक ध्वनिमुद्रिका निघाली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत अनेक वर्षे गिटार, बास गिटार व विद्युत्‌वाद्ये वाजविणारे चरणजित सिंग यांनी तीत दहा रागांचे डिस्कोच्या ठोक्यावर वादन केले होते. त्यासाठी त्यांनी रोलँडचीच ज्युपिटर–८, टीआर–८०८ व टीबी–३०३ ही यंत्रे वापरली. यांपैकी टीबी–३०३ हे यंत्र एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून बनविलेले होते. त्या कामी ते अपुरे ठरल्याने त्याचे उत्पादन १९८४ मध्येच थांबले. मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात होती. मिंडेची सवय असलेल्या भारतीय वादकाला ती विशेष उपयोगी पडली. यमन, मालकंस, ललित, कलावती इ. रागांची स्वरचौकट, खाली अखंड ठोका आणि मंद्र सप्तकात घसरणारे, वळसे घेणारे यांत्रिक स्वर असे या मुद्रिकेचे स्वरूप आहे. ॲसिड हाउसची जवळजवळ सर्व बाह्य लक्षणे तीत, ‘ॲसिड ट्रॅक्स’ च्या आधी पाच वर्षे, आढळतात.

ही मुद्रिका विकली गेली नाही व विस्मृतीत गेली. २०१० मध्ये नेदरलँड्समधील एका संग्राहकाने ती पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा पाश्चात्त्य नियतकालिकांतून ‘पहिली ॲसिड हाउस तबकडी’ म्हणून तिचा गाजावाजा झाला. सत्तरीच्या घरातील सिंग यांना यूरोपातून निमंत्रणे आली व तेथील तरुणांसमोर त्यांनी त्याच जुन्या यंत्रांवर हे राग वाजविले. २०१५ मध्ये मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे या शोधाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र अग्रक्रम आणि प्रभाव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सिंग यांच्या मुद्रिकेपासून शिकागोच्या तरुणांनी काही घेतले, याला आधार नाही. सारखेच यंत्र हाती आल्यावर दोन दूरच्या ठिकाणी सारखा ध्वनी निघाला, एवढेच म्हणता येते. मग एक प्रयोग परंपरा झाला व दुसरा एकाकी का राहिला? मुंबईत डिस्कोची लाट कुर्बानी (१९८०) व डिस्को डान्सर (१९८२) यांसारख्या चित्रपटांतून आली. तिचा श्रोता चित्रपटगृहात, घरी वा आकाशवाणीसमोर बसलेला होता. एखादी अपरिचित रचना रात्रीतून चार वेळा लावण्याचा हट्ट धरणारा तबकडीवादक आणि चौथ्या वेळी ती स्वीकारणारा नित्याचा समुदाय, या दोहोंची जोड तिला लाभली नाही. रचनाकार उत्तम असूनही संस्था नव्हती.

गोवा : उलट प्रकार गोव्यात घडला. तेथे रचनाकार नव्हते, ध्वनिमुद्रणगृहे नव्हती; परंतु समुदाय होता आणि तबकडीवादकही होते. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून हणजुणे व वागातोर या किनाऱ्यांवर पाश्चात्त्य हिप्पी तरुण हिवाळ्यात वास्तव्यास येऊ लागले. पौर्णिमेच्या रात्री त्यांचे मेळावे भरत व त्यांत प्रारंभी रॉक संगीत चाले. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याची जागा विद्युत्‌वाद्यांच्या नृत्यसंगीताने घेतली. या स्थित्यंतरात लॉरां या फ्रेंच तबकडीवादकाचे व ‘गोवा गिल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या गिल्बर्ट लेव्ही याचे नाव प्रामुख्याने घेतले जाते.

गिलचा जन्म १९५१ चा, कॅलिफोर्नियातील. सॅन फ्रॅन्सिस्कोतील हिप्पी चळवळीत तो वाढला, १९७० च्या सुमारास भारतात आला आणि पुढे जुना आखाड्याची दीक्षा घेऊन साधू झाला. सुमारे अर्धशतक तो गोव्यात येत-राहत होता. चोवीस तास वा त्याहूनही अधिक काळ एकट्याने वादन करण्याबद्दल त्याची ख्याती होती. अशा रात्रीला तो केवळ करमणूक मानीत नसे; मध्यरात्री अंधाऱ्या, उग्र रचनांनी समुदायाला थकवून पहाटे हलक्या, सुरेल रचनांकडे न्यावयाचे, असा त्याचा क्रम असे. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी गोव्यातच कर्करोगाने त्याचे निधन झाले.

या परंपरेवर हवामानाचाही परिणाम झाला. उन्हाने तबकड्या वाकत व वाळू-धुळीने खराब होत. त्यामुळे गोव्यातील वादक ध्वनिफितींवर आणि पुढे अंकीय ध्वनिफितींवर अवलंबून राहिले. त्यांची गती तबकडीप्रमाणे सहज कमीजास्त करता येत नसल्याने ठोके जुळविण्याची शिकागोची रीत येथे चालेना. रचनांचा क्रम व त्यांचा रात्रीच्या प्रहराशी संबंध यांवरच सारी भिस्त राहिली. यूरोपातून येणाऱ्या गीतांतील गायन काढून टाकून केवळ वाद्यांचे भाग जोडण्याची पद्धतही येथे वाढली. ॲसिड हाउसचे पिळवटलेले स्वर, यूरोपीय विद्युत्‌संगीत आणि ही निवडीची शिस्त यांच्या मिश्रणातून १९९० नंतर ‘गोवा ट्रान्स’ हा प्रकार सिद्ध झाला व ब्रिटन, जर्मनी, इझ्राएल, जपान इ. देशांत पसरला. एखाद्या भारतीय स्थळाचे नाव जगभरच्या नृत्यसंगीताच्या एका शाखेला मिळाले, ते असे.

स्थानिक समाजाचा या मेळाव्यांशी संबंध दुहेरी होता. वाळूवर चटया अंथरून चहा व खाद्यपदार्थ विकणाऱ्या गोमंतकीय स्त्रियांना त्यांतून कमाई होई. उलट रात्रभराच्या आवाजाचा, अमली पदार्थांच्या प्रसाराचा व बेशिस्तीचा त्रास त्याच गावांना सोसावा लागे. ध्वनिप्रदूषणाचे नियम आल्यानंतर रात्री दहानंतरच्या उघड्यावरील संगीतावर बंधने आली व किनाऱ्यावरील जुन्या मेळाव्यांचा काळ मागे पडला.

आवाजाचा प्रश्न : केंद्र शासनाच्या ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई असून वर्षातील ठरावीक दिवशी राज्य शासनास मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. डेसिबल हे मान गुणोत्तरी असल्याने १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत दसपट वाढ होय. म्हणून ५५ व १०० डेसिबल यांतील अंतर सामान्य माणसाला वाटते त्यापेक्षा फार मोठे असते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या नियमांच्या कडक अंमलबजावणीचे निर्देश दिले. २०१८ मध्ये विसर्जन मिरवणुकींतील डीजे व डॉल्बी यांवरील बंदीस अंतरिम स्थगिती देण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. तरीही राजारामपुरीसारख्या दाट वस्तीत हा वाद दरवर्षी नव्याने उभा राहतो. एका बाजूस वृद्ध, आजारी व तान्ह्या मुलांच्या घरांची झोप असते. दुसऱ्या बाजूस तरुणांचा उत्सव आणि ध्वनियंत्रणा भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकांची कर्जे असतात.

मूल्यमापन : हाउस संगीताच्या इतिहासाकडे पाहता या वादातील एक गफलत ध्यानात येते. आवाजाची प्रचंडता हे या संगीताचे एक साधन आहे. त्याचे सत्त्व नव्हे. मुंबईत यंत्रे होती, प्रतिभाही होती, परंतु निवड करणारा मध्यस्थ व त्याच्यावर विश्वास ठेवणारा समुदाय नव्हता; म्हणून प्रयोग एकाकी राहिला. गोव्यात मध्यस्थ व समुदाय होते. म्हणून दुसऱ्यांच्या रचनांतूनही स्वतंत्र शैली निघाली. शिकागोत तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि नवा संगीतप्रकार जन्मला. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीत या तिहींपैकी एकच असते.

कोल्हापूरच्या रसिकांना हा विचार परका वाटू नये. शाहू महाराजांच्या आश्रयाने या नगरीत दीर्घकाळ राहिलेले अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांच्या गायकीचा प्रभाव केवळ अनवट रागांच्या संग्रहामुळे पडला नाही. काय, कोणत्या क्रमाने व किती गावयाचे याचा विवेक त्यांनी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांसारख्या शिष्यांत वर्षानुवर्षे रुजविला, म्हणून ते घराणे टिकले. वखारीतले ‘हाउस’ आणि गायकीचे ‘घराणे’ यांचे शब्दार्थ जवळचे आहेत, हा योगायोग खरा. कंठसाधना व तबकडीची निवड या दोन कलांची तुलनाही फार ताणता येणार नाही. परंतु दोहोंच्या मुळाशी जाणत्या माणसाची निवड आणि ती पारखणारा जाणता समुदाय आहे, एवढे साम्य निश्चित आहे. मराठीत ‘डीजे’ हा शब्द पुन्हा माणसासाठी वापरला जाऊ लागला, तर ‘आवाज किती’ या प्रश्नाबरोबर ‘वाजवतो कोण, आणि काय’ हा प्रश्नही विचारता येईल.